लोला टिनांगचं काम

ज्या घरातून बाहेर पडायचं म्हणून रोसेंडाने उमेदीची सगळी वर्षं हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांची घरं झाडण्यात घालवली, नेमकं तेच घर तिची मुलगी परसात पुन्हा बांधायला निघाली होती. बांबूच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, खाली डुकरांना आणि कोंबड्यांना मोकळी जागा, वर चढायला शिडी. त्याच्या मागे रोसेंडाचं खरं घर उभं होतं. सिमेंटचं, दोन मजली, न्हाणीघरात निळ्या टाइल्स लावलेलं. समुद्राकडून येणाऱ्या माणसाला आधी तेच दिसायचं, आणि तसं ते दिसावं म्हणूनच तिने ते तिथे बांधलं होतं.

"हे पाडायला मी जन्म घालवला," ती सुतारांसमोरच मुलीला म्हणाली, "आणि तू ते परत उभं करतेस. वर त्यासाठी मनिलाहून माणसं आणतेस."

"सिनेमापुरतं आहे, नानाय. झालं की काढून टाकू."

"लोक हसतील."

"हसू देत. लोकांना हसवायचे पैसे मिळतात हल्ली."

जर्लिन मनिलात इतरांचे सिनेमे कापायचं आणि जोडायचं काम करायची. लग्न केलं नव्हतं. चाळिशीच्या आत एकदा तरी आपलं स्वतःचं काहीतरी करायचं, असं तिने ठरवलं होतं, आणि ते स्वतःचं म्हणजे तिचं लहानपण निघालं. आजीजवळ, तिच्या लोलाजवळ गेलेलं लहानपण. आजी, म्हणजे रोसेंडाची आई लोला टिनांग, जाऊन बरीच वर्षं झाली होती. जर्लिनचा बाप त्याच्याही आधी मिंदोरो बेटाच्या बोटीवर कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. तेव्हा विचारायला आता आईच उरली होती.

पण आईला विचारण्यात एक अडचण होती. ती पहिल्याच आठवड्यात पुढे आली.

"चूल इथे नव्हती," रोसेंडा म्हणाली. "खिडकीखाली होती. धूर जावा म्हणून आईने तिथे मांडली होती."

"दाराजवळ होती, नानाय. शिडीवर बसलं की पाठीला धग लागायची. मला चांगलं आठवतं."

"माझा त्या घरात जन्म झालाय."

"आणि मी त्या घरात वाढलेय."

शेवटी शेजारच्या नेलियाला बोलावलं. ती रोसेंडाला मनांग, म्हणजे ताई, म्हणायची. नेलिया आयुष्यभर त्या गावाबाहेर गेली नव्हती आणि त्यामुळे गावातल्या सगळ्या भांडणांत पंच तीच असायची. तिने चुलीच्या जागेकडे पाहिलं, मग दोघींकडे.

"दोघींचं खरं आहे. आधी खिडकीखालीच होती. मग वादळात ती बाजू गेली, तेव्हा टिनांगने दाराजवळ घेतली."

"कुठल्या वादळात?" रोसेंडाने विचारलं.

"तू नव्हतीस तेव्हा, मनांग."

परत आल्यापासून हे वाक्य रोसेंडाला कुठे ना कुठे भेटायचंच. चर्चची घंटा कधी बदलली, अमक्याचा थोरला कशाने गेला, पुलापलीकडचा आंबा कोणी तोडला. तू नव्हतीस तेव्हा. लोक ते सहज बोलायचे, त्यात टोमणा नसायचा. चूल दाराजवळ मांडली गेली.

लोला टिनांगचं काम करायला शहरातल्या एक निवृत्त शिक्षिका येणार होत्या. शूटिंगला दोन दिवस राहिले आणि त्यांच्या मुलाचा फोन आला की आईचं ब्लडप्रेशर वाढलंय, डॉक्टर नको म्हणतात. जर्लिन फोन हातात धरून बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. बाहेर रोसेंडा सुकी मासळी उलटत होती. अंगात जुना घरातला झगा, डोक्याला फडकं.

"नानाय, जरा इकडे बघ."

"काय?"

"काही नाही. तशीच थांब."

तिला काय दिसतंय ते रोसेंडाला लगेच कळलं, कारण रोज सकाळी आरशात तिलाही तेच दिसायचं. गाल बसले होते, भुवया विरळ झाल्या होत्या, आणि खालचा ओठ थोडा पुढे आला होता. टिनांग गेली तेव्हा जवळजवळ याच वयाची होती.

"मी माझ्याच आईची नक्कल करू? वेड लागलंय तुला."

"नक्कल नाही. तू नुसती वावर. काय करायचं ते मी सांगेन."

"मला येणार नाही."

"तुला बाकी सगळं येतं," जर्लिन म्हणाली. त्यात थोडा लाडीगोडीचा सूर होता आणि थोडा दुसराही.

रोसेंडाने होकार दिला. का दिला, ते तिने कोणाला सांगितलं नाही. मुलगी महिनाभर सलग घरात राहिलेली तिने परत आल्यापासून पाहिली नव्हती. शिवाय एक हावही होती. आपली मुलगी कशी वाढली ते आता समोर घडणार होतं, आणि ते पाहायला तिला अगदी जवळची जागा मिळणार होती.

छोट्या जर्लिनचं काम करायला पलीकडच्या वाडीतल्या कोळ्याची मुलगी निवडली होती. क्रिसेल नाव. वय आठ, पुढचे दोन दात पडलेले, तोंड सतत चालू.

"सिनेमातला भात खरा असतो का खोटा?" तिने आल्या आल्या विचारलं.

"खरा," रोसेंडा म्हणाली.

"मग मी दोनदा जेवीन. चुकलं की परत करायचं असतं ना?"

पहिल्या दिवशी केस विंचरायचा प्रसंग होता. क्रिसेल शिडीच्या वरच्या पायरीवर बसली, रोसेंडा तिच्या मागे. तोंडात लोला टिनांगसारखी उलटी विडी, पेटतं टोक आत. ते मात्र तिला पहिल्याच खेपेला जमलं. लहानपणी चोरून केलेल्या गोष्टी हात विसरत नाहीत. तिने मुलीच्या केसांना खोबरेल लावलं, एकेक बट हातात धरून गाठी सोडवत सोडवत खालून वर कंगवा नेला.

"थांबा," जर्लिन म्हणाली. "नानाय, असं नाही. लोला इतकं हळू विंचरायची नाही. वरून एकदम ओढायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. हात ओढायला तयारच होईना.

"अगं, ओढ ना."

"दुखेल तिला."

"मला नाही दुखत," क्रिसेल म्हणाली. "माझी आई तर अशी ओढते की मान मागे जाते."

रोसेंडाने कंगवा खाली ठेवला. तिचा हात कोणी असा घडवला ते तिला ठाऊक होतं. मालकिणीच्या धाकट्या मुलीचे केस रेशमासारखे होते. जरा ओढ बसली की ती रडत आईकडे जायची, आणि मग रोसेंडाला ऐकून घ्यावं लागायचं. वर्षानुवर्षं रोज सकाळी शाळेच्या बसआधी तिने ते केस खालून वर, बट धरून विंचरले होते. स्वतःच्या मुलीचे केस तिने विंचरले होते तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि केस खांद्यापर्यंतही नव्हते.

"दे," जर्लिन म्हणाली आणि शिडी चढून आली. तिने कंगवा घेतला आणि क्रिसेलच्या डोक्यातून सरळ खाली ओढला. "अशी. आणि ओढताना बडबडायची. हे केस आहेत का नारळाचा काथ्या, म्हणायची."

तिने ते इतकं टिनांगच्या आवाजात म्हटलं की खाली उभी असलेली नेलिया तोंडावर हात ठेवून हसली. रोसेंडालाही हसू आलं, पण कंगवा परत हातात आला तेव्हा तो जड वाटला.

तापाच्या प्रसंगाचं तिला आदल्या संध्याकाळी कळलं. आर्नेल, कॅमेरावाला, दिवे कुठे लावायचे ते जर्लिनला विचारत होता.

"लोला मुलीला पाठीशी बांधते तेव्हा बाहेर उजाडलेलं हवं की अंधार?"

"पहाट. रस्ता वाहून गेला होता, म्हणून डोंगराच्या वाटेने गेलो. दुपारी पोचलो."

"कुठे पोचलात?" रोसेंडाने विचारलं.

जर्लिनने वर पाहिलं. "दवाखान्यात. डेंग्यू झाला होता ना मला."

"कधी?"

"सहा वर्षांची असेन."

"मला कोणी सांगितलं नाही."

"लोला म्हणाली, तिला कळवून काय होणार? तिथे बसून रडेल आणि रडते म्हणून मालकिणीचं बोलणं खाईल." मग ती म्हणाली, "मला तरी कुठे शुद्ध होती. लोलाच्या पाठीचा वास आठवतो, तेवढाच."

रोसेंडाने त्या पावसाळ्यात आपण काय करत होतो ते आठवून पाहिलं. काहीच आठवेना. कुठली तरी काच पुसत असू, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने क्रिसेलला चादरीने पाठीशी बांधलं आणि वाकून चालत परसाच्या टोकापर्यंत गेली. पोर जड होती. आर्नेलने पुरे म्हटल्यावरही ती कुंपणाला धरून तशीच उभी राहिली.

"उतरव आता," क्रिसेल कानाशी म्हणाली. "मी मेले नाहीये. मी नाटक करतेय."

शेवटी आईच्या येण्याचा प्रसंग उरला. तो शेवटी घ्यायचा असं जर्लिनने मुद्दाम ठरवलं होतं.

तो दिवस रोसेंडाला कोणी सांगायची गरज नव्हती. पहिला करार संपला तेव्हा तिला यायला मिळालं नव्हतं. दुसरा संपल्यावर आली. येण्याआधी तिने आईला निरोप धाडला होता की या खेपेला मुलीला इलोइलोला नेऊन नणंदेकडे ठेवते, तिथल्या नन्सच्या शाळेत घालते. जीपनीतून उतरली तेव्हा अंगात कडक इस्त्रीचा कोट होता, हातात मोठी बाहुली होती. शिडीखाली आई उभी होती आणि आईच्या मागे, झग्याआडून, अर्धं तोंड दिसत होतं. आई म्हणाली, "जा, नानाय आली तुझी." मुलगी हलली नाही. तिने हात पुढे केले, बाहुली पुढे केली, नाव घेऊन हाक मारली. मुलीने तोंड झग्यात लपवलं. सगळी आळी बघत होती.

रात्री तिने आईला सुनावलं, "तुलाच आई म्हणू दे तिला. मी पैशाला बरी." इलोइलोचं नावही मग काढलं नाही. महिन्याची रजा होती, ती पंधरवड्यात परतली आणि तिसऱ्या करारावर सही केली. मग चौथ्या. मुलीला आपली गरज नाही, ही गोष्ट एकदा मनात बसली की दूर राहणं सोपं जातं. तसंच झालं.

रोसेंडाचं काम करायला इलोइलोच्या नाटकातली दिविना नावाची मुलगी आली होती. कोट तिला थोडा सैल होत होता.

"तुम्ही तेव्हा कशा चालला होतात?" तिने रोसेंडाला अदबीने विचारलं.

"भराभर. टाचेचे बूट होते, चिखल होता, तरी भराभर."

रोसेंडा शिडीखाली उभी राहिली. क्रिसेल तिच्या मागे. दिविना बाहुली घेऊन फाटकातून आत आली. इथून, या जागेवरून, आपण अशा दिसलो होतो तर. ओठांना लाली लावलेली, घाईची, परकी बाई.

"जा," ती म्हणाली आणि क्रिसेलच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे लोटलं. "जा, नानाय आली तुझी."

"कट," जर्लिन म्हणाली. ती जवळ आली. "नानाय, लोटायचं नाही. हात मागे हवा."

"मागे कशाला?"

"लोलाने मला धरलं होतं. इथे." तिने क्रिसेलचं मनगट उचलून दाखवलं. "मागे, झग्याच्या चुण्यांत. तोंडाने जा म्हणाली, पण हात सोडला नाही."

आर्नेल उगाच कॅमेऱ्याची काच पुसायला लागला.

"खोटं," रोसेंडा म्हणाली.

"खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी वळ होता."

"तुझ्या डोक्यात आलं असेल काहीतरी. आठ वर्षांची होतीस."

"होते ना. म्हणूनच तर."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

जर्लिनने हातातला कागद चार वेळा दुमडला. "मला वाटायचं, तुला दिसलं असेल. तू समोरच होतीस."

रोसेंडा शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. नेलियाने पाणी आणून दिलं, ते तिने नुसतं हातात धरलं. मग तिने मान वर न करता विचारलं, "धरलं नसतं, तर आली असतीस?"

आईला हवं ते उत्तर जर्लिनला देता आलं असतं. आजूबाजूला सगळे तेच ऐकायची वाट पाहत होते.

"माहीत नाही, नानाय," ती म्हणाली. "मी खूप आठवून पाहिलं. मला यायचं होतं की नाही, ते आठवतच नाही. हात तेवढा आठवतो."

दुपार उलटल्यावर प्रसंग पुन्हा घेतला. दिविना फाटकातून आली. रोसेंडाने क्रिसेलचं मनगट मागे धरलं.

"घट्ट," जर्लिन म्हणाली.

तिने घट्ट धरलं. आता तो हात ओढायला, आवळायला शिकला होता. मुलीची नाडी तिच्या बोटांखाली उडत होती. समोरून कोट घातलेली बाई येत होती, आणि ती बाई मुलीला इलोइलोला नेणार होती; मग या शिडीवर कोणी बसणार नव्हतं, काथ्यासारखे केस विंचरायला कोणी उरणार नव्हतं. "जा," रोसेंडा म्हणाली. "नानाय आली तुझी." तिची बोटं आणखी आवळली गेली. तिने ती आवळली नव्हती. ती आवळली गेली. दिविनाने हात पुढे केले, बाहुली पुढे केली, जर्लिन, जर्लिन अशी हाक मारली. रोसेंडाला त्या बाईचा राग आला.

"दुखतंय," क्रिसेल म्हणाली, आणि या वेळी ते नाटक नव्हतं.

सिनेमाचे लोक पुढच्या आठवड्यात गेले. जर्लिन बांबूचं घर उतरवून घ्यायला मागे थांबली. खांब काढता काढता रोसेंडा म्हणाली, "तो हाताचा भाग काढून टाक."

"का?"

"आई मेलीय. तिला काही बोलता येणार नाही. लोक तिला वाईट म्हणतील, आणि ती वाईट नव्हती. तिने तुला डोंगरावरून पाठीवर नेलं."

"ते पण आहे ना सिनेमात."

"लोकांना तेवढं एकच लक्षात राहतं."

"तो माझा हात होता, नानाय," जर्लिन म्हणाली. "तो ठेवायचा की नाही ते मी ठरवणार."

रोसेंडा पुढच्या खांबाकडे वळली. हे घर पाडल्यावर तिला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. परस मोकळं झालं तेव्हा ते नुसतंच मोकळं झालं.

वर्षभराने सिनेमा गावच्या बास्केटबॉलच्या मैदानात पडद्यावर दाखवला. जर्लिन त्यासाठी आली होती. सगळा गाव खुर्च्या घेऊन जमला. उलटी विडी पाहून म्हातारे खूश झाले, काथ्याच्या केसांवर हशा पिकला, डोंगराच्या वाटेवर बायकांनी डोळे पुसले. मग कोट घातलेली बाई आली आणि पडद्यावर फक्त झग्याच्या चुण्या आणि एक सुरकुतलेला हात दिसला, त्यात एक छोटं मनगट. रोसेंडाने वळून लोकांकडे पाहिलं. मैदानात कोणी दचकलंही नव्हतं. मागे एक पोरगं शेंगदाण्यांवरून भांडत होतं.

"हुबेहूब टिनांग," बाहेर पडताना सगळ्या तिला म्हणाल्या. "हुबेहूब, मनांग. अंगावर काटा आला." हाताचा विषय एकीनेही काढला नाही. आजीने नातीला धरलं, त्यात बोलायचं काय, असंच त्यांना वाटलं असावं. रोसेंडाला कळेना की आपल्याला हायसं वाटतंय की एकटं. शेजारी चालणाऱ्या जर्लिनलाही आपल्याला काय वाटतंय ते कळलं नसावं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्यांच्या दिवसासाठी गाव कबरी धुवून, चुना लावून बसला. रोसेंडा गेली नाही. जर्लिन दोन दिवसांसाठी आली होती. ती एकटीच मेणबत्त्या आणि भाताच्या वड्या घेऊन निघाली.

"गुडघा दुखतोय म्हणून सांग," रोसेंडा म्हणाली.

"कोणाला सांगू?"

"विचारेल त्याला."

जर्लिन मनिलाला परत गेल्यावर, कबरस्तानातली गर्दी ओसरल्यावर, एका सकाळी रोसेंडा एकटीच आईच्या कबरीकडे गेली. चुना ताजा होता, मेणाचे ओघळ मुंग्यांनी भरले होते. तिने मेणबत्ती लावली नाही, प्रार्थनाही म्हटली नाही. कडेचं गवत उपटलं.

"एकदा तरी सांगायचंस," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, इथे आल्यावर रडू येईल. आलं नाही. राग येईल म्हणावं, तर तोही पुरता येत नव्हता. आला की त्याच्या मागोमाग बोटांखालची ती नाडी यायची आणि मग पुढे काही म्हणता यायचं नाही. ती कबरीच्या कडेला बराच वेळ बसून राहिली. मग ऊन चढलं, तशी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरच्या वाटेला लागली.